जपानहून आलेल्या जुन्या सीआर-व्हीचे पार्ट परवडतील असे कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मामांकडून आलेली २००५ ची होंडा सीआर-व्ही, २.४ पेट्रोल, ऑटोमॅटिक. गाडी कोल्हापुरात. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली की मागून घर्रर्र आवाज येतो, त्यावर एका गॅरेजने मागचा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) बदला म्हणून दीड लाख सांगितले. खड्ड्यात पुढून खट्ट वाजतं, त्यासाठी दोन्ही लोअर आर्म. दुपारच्या उन्हात एसी बंद पडतो, त्यासाठी कॉम्प्रेसर. आणि उजवा हेडलाइट फुटलाय, तो म्हणे ‘आता येतच नाही’. पार्टची बेरीज गाडीच्या किमतीच्या वर गेली, तेव्हा स्वस्त पार्ट कुठे मिळतील ते सांगा, नाहीतर गाडी काढून टाकतो, असं तुम्ही लिहिलंय.

मी पुण्यात सव्वीस वर्षं जपानी गाड्या उघडतोय. दुकानांची नावं विचारायला लोक रोज येतात. पण तुमच्या यादीत मला दोन पार्ट असे दिसतात की जे बहुतेक लागणारच नाहीत. सगळ्यात स्वस्त पार्ट तोच, म्हणून तिथून सुरू करतो.

मागचा आवाज. या गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलला जोडूनच दोन हायड्रॉलिक पंप आणि एक क्लच असतो. पुढची चाकं घसरली की दोन पंपांच्या वेगात फरक पडतो, दाब तयार होतो, क्लच पकडतो आणि मागच्या चाकांना ताकद जाते. कॉम्प्युटर नाही, बटण नाही. आतलं ऑइल जुनं झालं की हा क्लच वळणावर सरळ सुटत नाही, पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. तोच तुमचा घर्रर्र. याला होंडाचं खास ऑइल लागतं, आपल्याकडे डब्यावर डीपीएसएफ लिहिलेलं असतं, अमेरिकेत त्यालाच ड्युअल पंप फ्लुइड म्हणतात. बदलायला लिटरभर पुरतं. कुणीतरी मध्येच साधं नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलेलं असलं तर आवाज हमखास येतो, आणि जुन्या गाड्यांत हे फार वेळा झालेलं असतं, कारण मेस्त्रीला वाटतं डिफरेन्शियल म्हणजे गिअर ऑइल.

करताना एक लक्षात ठेवा : आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडतोय का ते बघा, मगच खालचा सोडा. वीस वर्षांत वरचा बोल्ट गंजून बसलेला असतो. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा सुटलाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. माझ्याकडे एक गाडी अशीच टोईंगवर आली होती. नवीन ऑइल भरल्यावर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना आठचा आकडा काढत दहा मिनिटं फिरवा. आवाज कमी झाला पण गेला नाही, तर पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. दोनदा बदलूनही आवाज राहिला तरच डिफरेन्शियलला हात लावायचा.

एसी. सकाळी चालतो आणि दुपारी इंजिन तापल्यावर बंद पडतो, हे लक्षण या मॉडेलवर मी इतक्या वेळा पाहिलंय की कॉम्प्रेसर शेवटी बघतो. पहिलं काम फुकटचं : बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये एसीचा रिले आहे, तसलाच शेजारी आणखी एक असतो. दोघांवरचा नंबर एकच असेल तर अदलाबदल करून दिवसभर चालवा. फरक नाही पडला, तर कॉम्प्रेसरच्या तोंडावरची क्लच प्लेट बघायची. प्लेट आणि पुली यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवं. घासून घासून ते वाढतं. थंड असताना चुंबक प्लेटला ओढून घेतो, गरम झाल्यावर कॉइलचा जोर कमी पडतो आणि तेवढं अंतर त्याला ओलांडता येत नाही. तुम्हाला वाटतं कॉम्प्रेसर गेला. मधला बोल्ट काढला की आत कागदासारख्या पातळ शिम असतात, त्यातली एक काढायची आणि बोल्ट परत लावायचा. गॅस काढावा लागत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात असलेला माणूस तासाभरात करतो. एसी बंद पडला की लाकडी काठीने प्लेट ढकलून बघणारे लोकही असतात, पण चालू इंजिनवर असले उद्योग करू नका, बेल्टमध्ये हात जाईल.

आता जिथे खरंच पार्ट लागतो तिथे येऊ.

लोअर आर्म म्हणजे लोखंडाचा वाकडा दांडा. तो अपघाताशिवाय सहसा खराब होत नाही. फाटतो तो त्याच्या मागच्या टोकाचा मोठा रबरी बुश. टॉर्च मारून बघा, रबर आणि मधली नळी यांच्यात फट दिसेल. बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) घट्ट असेल, तर आर्म कशाला बदलायचा? बुश सुटा मिळतो. तो दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस हवा, आणि तुम्ही तर कोल्हापुरात राहता. शिवाजी उद्यमनगरात प्रेस आणि लेथ असलेले कारागीर गल्लोगल्ली आहेत. पुण्याहून आर्म मागवण्यापेक्षा आर्म पिशवीत घालून तिकडे न्या. फक्त दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा. जुना बुश काढण्याआधी तो कुठल्या कोनात बसलाय त्याची आर्मवर पंचने खूण करा, नवा त्याच कोनात जायला हवा. आणि आर्म गाडीला लावताना बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन अंगावर, मग आवळायचा. हवेत आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षाच्या आत पुन्हा फाटतं. मग दोष ‘लोकल माला’ला दिला जातो. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश कुणी सुचवले तर मी घेऊ नका म्हणेन. टिकतात, पण चुरचुरतात आणि आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खडा हातात जाणवतो.

बुश मागायचा कसा, हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. दुकानात जाऊन ‘सीआर-व्हीचा बुश द्या’ म्हटलं की उत्तर एकच, ‘नाही येत.’ कारण ही गाडी भारतात बनलीच नाही, तयार आली, आणि आली तीही थोडी. दुकानदार गाडीच्या नावाने माल लावतो आणि या नावाचा कप्पा त्याच्याकडे नसतो. पण तोच पार्ट दुसऱ्या नावाने त्याच्या मागच्या फळीवर पडलेला असू शकतो. म्हणून गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि नंबर काढा.

चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. तुमचा ‘जेएचएल’ने सुरू व्हायला हवा. पहिलं ‘जे’ म्हणजे जपान. ‘एमएके’ असतं तर भारतातली होंडा, ‘एमआर’ असतं तर थायलंड. पुढे ‘आरडी५’ असेल तर दोन लिटर फोर व्हील ड्राइव्ह, ‘आरडी७’ असेल तर २.४. आरसी बुकवर काय लिहिलंय त्यापेक्षा बॉडीवर ठोकलेलं खरं माना. हा नंबर पार्टसौक किंवा अमायामाच्या साइटवर टाकला की कंपनीचाच चित्रांचा कॅटलॉग उघडतो. विकत काही घ्यायलाच हवं असं नाही, मी ती साइट कॅटलॉग म्हणूनच जास्त वापरतो.

होंडाचा पार्ट नंबर तीन तुकड्यांचा असतो. पहिले पाच आकडे म्हणजे ती वस्तू काय आहे : १५४०० म्हणजे ऑइल फिल्टर, ४५०२२ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड, ५१३५० आणि ५१३६० म्हणजे पुढचे उजवा-डावा लोअर आर्म. मधली तीन अक्षरं म्हणजे तो पार्ट पहिल्यांदा कुठल्या गाडीसाठी बनला. तुमच्या गाडीची अक्षरं ‘एस९ए’. शेवटची तीन म्हणजे आवृत्ती. शेवटची तीन बदललेली असतील तर घाबरू नका, बहुतेक वेळा जुन्याची जागा नव्याने घेतलेली असते आणि कॅटलॉग ते दाखवतो.

मजा मधल्या अक्षरांत आहे. तुमच्या गाडीच्या यादीत जिथे ‘एस९ए’ सोडून दुसरं काही दिसेल, तिथे तो पार्ट दुसऱ्या गाडीचाही आहे. ऑइल फिल्टरला सिटी, सिव्हिक, अकॉर्ड आणि तुमची गाडी यांत भेद नाही. तुमचं इंजिन के२४ घराण्यातलं, आणि २००३ पासूनची २.४ अकॉर्डही त्याच घराण्यातली. ती अकॉर्ड ग्रेटर नोएडात जोडली जायची, त्यामुळे इंजिनाकडच्या कितीतरी गोष्टी अकॉर्डच्या नावाने मिळतात. नंबर जुळतो का ते मात्र प्रत्येक वेळी बघा, घराणं एक असलं तरी सगळी भावंडं सारखी नसतात. आणि कुणी तुम्हाला या इंजिनासाठी टायमिंग बेल्टचा सेट देऊ लागला तर त्या दुकानातून उठा. के मालिकेच्या इंजिनाला साखळी असते, बेल्ट नाही.

इथे एक फसगत सांगतो, माझीच झालेली. अमेरिकन मंडळी लिहितात, सीआर-व्हीला सिव्हिकची स्टॅबिलायझर लिंक बसते. मी नाना पेठेतून सिव्हिकची जोडी आणली, गाडी वर घेतली, लिंक लावायला गेलो तर लांबीच वेगळी. ते लोक बोलत होते २००१ च्या सिव्हिकबद्दल, जिचा कोड ‘एस५ए’. ती आपल्याकडे कधी आलीच नाही. आपली पहिली सिव्हिक २००६ ची, ती पुढच्या पिढीची. नंबर न बघता नावावर गेलो, दुकानदाराने मालही परत घेतला नाही. त्या दोन लिंक अजून माझ्या कपाटात आहेत.

नंबर मिळाला की दुसरा प्रश्न : हा पार्ट मुळात बनवला कुणी? होंडा बेअरिंग बनवत नाही, प्लग बनवत नाही, शॉकअब्सॉर्बरही स्वतः बनवत नाही. जुना पार्ट काढून कपड्याने पुसा, कुठेतरी कोरलेलं नाव सापडतं. बेअरिंगवर एनएसके, एनटीएन किंवा कोयो. प्लगवर एनजीके किंवा डेन्सो. ऑइल सीलवर एनओके. ब्रेकवर निसिन किंवा अकेबोनो. शॉकअब्सॉर्बरवर शोवा. हेच कारखाने स्वतःच्या खोक्यातही माल विकतात, फक्त खोक्यावर होंडाचा ‘एच’ नसतो. किंमत बऱ्याचदा निम्म्यावर येते. लिंक, टाय रॉड, बॉल जॉइंट यांत जपानचा ५५५ आणि कोरियाचा सीटीआर हे मी डोळे झाकून लावतो. शॉकअब्सॉर्बरला केवायबी.

बेअरिंग आणि ऑइल सील यांना तर गाडी लागतच नाही. समजा आल्टरनेटर ओरडतोय आणि उघडल्यावर आतल्या बेअरिंगवर ६३०३ लिहिलंय. ते आत १७, बाहेर ४७ आणि जाडीला १४ मिलिमीटर, जगात कुठेही. ते पंपातही असतं आणि मोटरीतही. उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात सीआर-व्हीचं नावसुद्धा काढू नका. नुसतं ‘६३०३, दोन्ही बाजूंनी रबर सील, जास्त तापमानाचं’ एवढं मागा. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, फक्त ओठाची दिशा आणि रबराचा प्रकार जुळवा. पण बेअरिंग आणि प्लग यांत नकली माल फार आहे. हे दोन अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या. पन्नास रुपये वाचवून आल्टरनेटर पुन्हा उघडण्यात काही अर्थ नाही.

आता बाजार. नव्या मालासाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट. जुन्या, कटिंगच्या, म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांच्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. मेरठच्या सोतीगंजचं नाव अजून कुणी सुचवत असेल तर त्याची माहिती जुनी आहे, चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणात २०२१ च्या शेवटी पोलिसांनी तो बाजार बंद केला. त्यावरून एवढं घ्या की जुना पार्ट घेताना बिल मागा, आणि चासी किंवा इंजिन नंबर असलेला तुकडा कागदांशिवाय घेऊ नका.

कुर्ल्याला जाताना तुटलेला पार्ट सोबत न्यायचा. फोटो नाही, पार्टच. आणि व्हर्नियर. तिथला माणूस तुमच्या हातातला तुकडा फिरवून बघतो, काही बोलत नाही, आत जातो आणि काळोखातून तसलाच दुसरा घेऊन येतो. तो तुमच्या तुकड्याशेजारी ठेवा, भोकं मोजा, कोरलेला नंबर वाचा, मग भावाचं बोला. जुना काय घ्यावा? दार, काच, आरसा, खिडकीचा स्विच, टेललाइट, सीट, नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा लोखंडी भाग), आल्टरनेटर. काय घेऊ नये? रबर, ब्रेक, शॉकअब्सॉर्बर, पंप, सीटबेल्ट. आणि एअरबॅग तर कधीच नाही. ताकाता कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) जगभर जे रिकॉल झालं त्यात सीआर-व्हीही होती, भारतातलीसुद्धा. होंडाच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघा. तुमच्या गाडीचं काम बाकी असेल तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो. मामांनी केलं असेल असं गृहीत धरू नका.

राहिला हेडलाइट. परदेशातून मागवायचा झाला तर अमेरिकेतून मुळीच नको, मग रॉकऑटो या तिथल्या ऑनलाइन दुकानात कितीही स्वस्त दिसो. तिथे स्टिअरिंग डावीकडे. आपल्या दिव्याचा झोत डाव्या कडेला वर उचललेला असतो, त्यांचा उजव्या. तो लावलात तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. स्टिअरिंग रॅक, वायपर, डॅशबोर्ड यांचंही तेच. बॉडीचे पार्ट उजव्या स्टिअरिंगच्या देशांतून बघायचे. ही पिढी थायलंडमध्ये बनायची आणि इंग्लंडमध्ये स्विंडनलाही. तैवानच्या डेपो आणि टीवायसीचे दिवेही चालतात, मात्र उजव्या स्टिअरिंगचा आहे असं लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी कुरियरचं गणित करा. हलक्या पण मोठ्या वस्तूला तराजूतलं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, ते वजन. हेडलाइटचं खोकं ७० बाय ५० बाय ४० धरलं तर २८ किलो, आत दिवा असतो चार-पाच किलोचा. बंपरचं खोकं काढलं तर शंभर किलोच्या घरात जातं, म्हणून बंपर कुणी कुरियरने आणत नाही, फायबरवाल्याकडून शिवून घेतो. त्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी. ‘गिफ्ट’ लिहून पाठवायला सांगू नका, भेटवस्तूंना ड्यूटीत मिळणारी सवलत २०१९ च्या डिसेंबरमध्येच गेली. याउलट बुश, लिंक, सेन्सर, सील हे छोटे-जड पार्ट एका खोक्यात एकत्र मागवले तर परवडतात. वर्षभराची यादी करा आणि एकदाच मागवा.

तुमच्या हेडलाइटची काच शाबूत असून फक्त मागचे लग (दिवा बॉडीला बसवायचे कान) तुटले असतील, तर प्लास्टिक वेल्डिंगवाला ते उभे करून देतो आणि ही सगळी कटकटच संपते. तुम्ही ‘फुटलाय’ एवढंच लिहिलंय, नेमका कुठे ते बघा.

गाडी काढायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण त्या हिशोबात एक आकडा धरा. आरसीवर गाडीची नोंद ‘इम्पोर्टेड’ असेल तर पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची फी साध्या मोटारीसारखी ५ हजार नाही, ४० हजार आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती दुप्पट, म्हणजे ८० हजार. पुढचं नूतनीकरण कधी आहे ते आधी बघा, मग शॉकअब्सॉर्बर वगैरेवर खर्च करा.

आधी डिफरेन्शियलचं ऑइल आणि एसीची शिम करून घ्या, ही दोन्ही कामं एका शनिवारात होतात. मग आर्म उतरवा. जुना बुश भंगारात टाकू नका. डिझेलने धुऊन त्याच्या कडेचे आकडे आणि अक्षरं वाचा, बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही मला कळवा. कुठल्या नावाने मागायचा ते सांगतो.